ट्रेच्या कडेचा पांढरा पट्टा: घरी दात पांढरे करताना भाजलेल्या हिरड्यांचं एक प्रकरण

"डॉक्टर, दात पांढरे करायला गेले आणि हिरड्याच पांढऱ्या झाल्या."

रुग्ण २९ वर्षांची तरुणी. दोन दिवसांपासून वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या झोंबत होत्या, ब्रश टेकवला की डोळ्यांत पाणी येत होतं. त्या दिवशी सकाळी चूळ भरताना एक पातळ पांढरा पापुद्रा सुटून बेसिनमध्ये पडला आणि तिचा धीर सुटला. दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. हिरडी कायमची गेली का? दातांची मुळं आता उघडी पडणार का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे प्रकरण एकाच व्यक्तीचं नाही. या तक्रारीसाठी दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र गुंफून ही रुग्ण उभी केली आहे. त्यामुळे तिच्यात कुणी ओळखीचं शोधू नये. जखमा, कारणं आणि उपचार मात्र नेहमीचेच आहेत.

आधी काय झालं होतं

तिने घरी वापरायचा एक संच मागवला होता. त्यात गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचा ट्रे, जेलच्या तीन सिरिंजा आणि निळा प्रकाश देणारा एक छोटा दिवा होता. सिरिंजवर ३५% कार्बामाइड पेरॉक्साइड असं छापलं होतं. ट्रे दिवसातून एकदा अर्धा तास घालायचा, जास्तीची कड कात्रीने कापायची, अशा सूचना आत कागदावर होत्या. अर्ध्या तासाचं तिच्या लक्षात राहिलं, कात्रीचं राहिलं नाही.

पहिल्या दोन संध्याकाळी तिने वेळ पाळली. हिरड्या थोड्या चुरचुरल्या, पण तासाभरात शांत झाल्या. दातांत मात्र डोळ्याला दिसेल असा फरक नव्हता. मग तिने कुठेतरी वाचलं की बरेच लोक ट्रे घालून रात्रभर झोपतात. हे खरंच आहे. फक्त ते १०% जेलबद्दल असतं, ३५% बद्दल नाही, आणि नेमकं तेवढंच तिच्या वाचनातून निसटलं. तिसऱ्या रात्री तिने ट्रे काठोकाठ भरला आणि सुमारे सात तास तोंडात ठेवला.

"झोपताना झोंबत नव्हतं का?"

"झोंबत होतं. म्हटलं, झोंबतंय म्हणजे काम करतंय."

हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते तपासणीच्या कागदावर आधीच छापून ठेवावं असं वाटतं. पेरॉक्साइड दाताच्या आत जाऊन रंग फोडतं तेव्हा हिरडीला काहीच कळायचं कारण नसतं. हिरडी झोंबते ती जेल भलत्या जागी गेल्यामुळे. दात किती पांढरे होत आहेत याच्याशी त्या झोंबण्याचा काही संबंध नाही.

सकाळी आरशात तिला हिरडीवर पांढरा पट्टा दिसला. जंतुसंसर्ग झाला असेल या समजुतीने तिने अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने दोनदा चूळ भरली. आग आणखी वाढली. मग कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेऊन तो हिरडी आणि ओठ यांच्यामध्ये दाबून धरला. तेवढ्यापुरतं बधिर झालं, म्हणून दुपारी पुन्हा तेच केलं.

इतिहास विचारताना मी वेळेपेक्षा प्रमाणावर जास्त भर देतो. ट्रे किती वेळ घातला हे सगळे सांगतात, जेल किती घातलं हे कुणी आपणहून सांगत नाही. "बेताचंच घातलं" हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे मी विचारतो, सिरिंज किती रिकामी झाली? तिने सिरिंज पर्समधून काढून दाखवली. ३ मिलीची सिरिंज एकाच रात्रीत निम्म्याहून जास्त संपली होती, म्हणजे वरच्या एका ट्रेत दीड मिलीपेक्षा जास्त जेल. एरवी दातांच्या एका ओळीला अर्धा मिलीच्या आसपास जेल पुरतं. उरलेलं जेल जाणार कुठे? ट्रे दाबून बसवला की ते कडेने वर चढतं आणि हिरडीवर पसरतं.

बाकीची चौकशी लवकर आटोपली. ताप नाही, अंगावर पुरळ नाही, याआधी कशाची ॲलर्जी नाही, नेहमीची औषधं नाहीत, गर्भार नाही. ब्रश करताना अधूनमधून रक्त येतं, हे मात्र तिने "त्यात काय विशेष" अशा सुरात सांगितलं. ते मी लिहून ठेवलं.

तोंडात काय दिसलं

वरच्या एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, ओठाकडच्या बाजूने, दातांना लागून असलेल्या हिरडीवर तीन-चार मिलिमीटर रुंदीचा पट्टा होता. पट्ट्याची वरची कड अगदी आखल्यासारखी होती. तिच्या वर निरोगी गुलाबी हिरडी, खाली मळकट पांढरी. दोन्ही सुळ्यांच्या उंचवट्यावर पांढरेपणा सगळ्यांत दाट होता. पटाशीच्या मधल्या दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकावरचा पापुद्रा निघून गेला होता आणि खाली लालभडक, ओलसर पृष्ठभाग उघडा पडला होता. सकाळी बेसिनमध्ये पडला तो हाच तुकडा. टाळूच्या बाजूला, पटाशीच्या दातांच्या मागे, याच पट्ट्याची फिकट प्रत होती. खालच्या दातांना तिने ट्रे लावलाच नव्हता आणि खालची हिरडी स्वच्छ होती.

मी तिला तिचा ट्रे तोंडात बसवायला सांगितला. रिकामा, धुतलेला. ट्रेची कड हिरडीवरच्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर जाऊन बरोबर टेकली. निदानाचं निम्मं काम तिथेच झालं.

पण सगळ्या जखमा त्या रेषेत बसत नव्हत्या. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा मधोमध एक दोऱ्यासारखा पडदा असतो. त्याच्या मुळाशी आडवी, बारीक, लाल चीर होती. ट्रेला तिथे खाच नव्हती, त्यामुळे झोपेत ओठ हलेल तशी कड तिथे घासत राहिली होती. ही जेलची इजा नाही, प्लास्टिकची आहे. ओठाच्या आतल्या बाजूला, डावीकडे, आणखी एक वेडावाकडा पांढरा चट्टा होता. त्याच्याभोवती लाली होती आणि तो ट्रेच्या कडेपासून बराच दूर होता. "बोळा कुठे धरला होता?" असं विचारल्यावर तिने बोट ठेवलं ते नेमकं त्याच जागी. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दुखणं बधिर करतं हे खरं, पण तेल नुसतंच, पातळ न करता, नाजूक त्वचेवर दाबून धरलं तर ते स्वतःच पोळतं. दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणाऱ्यांच्या तोंडात अशीच पांढरी जखम होते.

म्हणजे एका तोंडात तीन जखमा, तिन्हींची कारणं वेगळी.

दातांची तपासणीही केली. डाव्या सुळ्याची हिरडी दोन मिलिमीटर वर सरकलेली होती आणि मुळाचा पिवळसर भाग उघडा होता. उजव्या बाजूच्या पटाशीच्या दुसऱ्या दातात जुनं, दाताच्या रंगाचं फिलिंग होतं, कडेला थोडं काळवंडलेलं. मागच्या दाढांना किटण होतं आणि तिथली हिरडी हात लावताच रक्त देत होती. थंड लावून पाहिलं तर पुढच्या दातांत झणझणीत कळ आली, पण थंड काढताच दोन-तीन सेकंदांत गेली. नस चिडली होती, मेली नव्हती. थंड काढल्यावरही कळ रेंगाळत राहिली असती किंवा आपोआप ठणका लागत असता तर विचार वेगळा करावा लागला असता.

हे भाजणंच, दुसरं काही का नाही

पांढऱ्या, सोलणाऱ्या हिरडीची इतर कारणं आहेत आणि ती बाजूला सारल्याशिवाय "जेलने भाजलं" म्हणणं घाईचं ठरतं. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा पहिला झटका आला तर आधी ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडभर बारीक फोड येऊन फुटतात आणि ते ट्रेची कड बघून थांबत नाहीत. ॲलर्जी असेल तर सूज, खाज, ओठ जाड होणं दिसतं. जेलमधल्या पुदिना किंवा दालचिनीच्या स्वादाचीही ॲलर्जी होऊ शकते, पण ती ज्या ज्या त्वचेला जेल लागलं तिथे पसरट दिसते. हिरडी कुजण्याचा जो तीव्र आजार असतो त्यात दातांमधली टोकं खणून काढल्यासारखी बसतात, आपोआप रक्त येतं आणि तोंडाला एक विशिष्ट दुर्गंधी असते. इथे यांपैकी काही नव्हतं. सुरुवात काही तासांत, कड स्पष्ट, जागा ट्रेपुरती. याला रासायनिक भाजणं म्हणतात.

आता तो पांढरा रंग येतो कुठून? कार्बामाइड पेरॉक्साइड पाण्याशी आलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया सुटतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो की तो इनॅमलमधूनही, म्हणजे दाताच्या कडक आवरणातूनही, आरपार जातो आणि काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतो. मऊ हिरडीत शिरायला त्याला अडचण कसली? पेशींमध्ये कॅटलेझ नावाचं विकर असतं, ते त्याला फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो तो याचमुळे. हिरडीच्या वरच्या थरात मात्र हे बुडबुडे अडकून बसतात, तेवढा भाग रक्तहीन आणि दुधी दिसू लागतो. संपर्क थोडाच वेळ असेल तर तासाभरात, फार तर दिवसभरात हिरडी पूर्ववत गुलाबी होते. संपर्क लांबला तर वरच्या थरातल्या पेशी मरतात आणि एक-दोन दिवसांनी पापुद्र्यासारख्या सुटतात. तिच्या सुळ्यांवर मेलेला थर अजून चिकटून होता आणि पटाशीच्या मधल्या टोकावर तो सुटून गेला होता, असं एकाच पट्ट्यात दोन्ही दिसत होतं.

दोष कुणाचा: टक्क्यांचा की ट्रेचा?

येणारे बहुतेक जण टक्क्यांना दोष देतात. तिनेही दिला. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही.

आधी टक्के. सिरिंजवरचा आकडा कार्बामाइड पेरॉक्साइडचा असतो, त्यातला हायड्रोजन पेरॉक्साइडचा हिस्सा साधारण एक तृतीयांश. म्हणजे १०% जेलमध्ये सुमारे ३.५% हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ३५% जेलमध्ये सुमारे १२%. हा हिशोब माहीत नसल्यामुळे लोक दातांवर चिकटवायची १४% हायड्रोजन पेरॉक्साइडची पट्टी ३५% कार्बामाइडच्या जेलपेक्षा सौम्य समजतात, प्रत्यक्षात ती किंचित तीव्रच असते. युरोपीय संघाने २०११ साली यावर नियम केला. ०.१% पर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनंच खुलेपणाने विकता येतात. त्यापुढे ६% पर्यंतची फक्त दंतवैद्याला विकायची, पहिला वापर त्याच्या देखरेखीत व्हायचा, आणि १८ वर्षांखालच्यांना द्यायची नाहीत. तिच्या सिरिंजमधलं जेल त्या मर्यादेच्या दुप्पट होतं. दवाखान्यात आम्ही यापेक्षाही तीव्र, २५% ते ४०% हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो, पण त्याआधी हिरडीवर रेझिनचा थर घालून तो प्रकाशाने कडक करतो आणि ओठ-गाल बाजूला धरून ठेवतो. घरच्या संचात तो थर नसतो.

आता याची दुसरी बाजू. हे जेल दातांकडे आलंच मुळी हिरड्यांच्या औषधाच्या रूपाने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अर्कान्सामध्ये बिल क्लुस्मायर नावाचे दात सरळ करणारे दंतवैद्य होते. हिरड्या सुजलेल्या रुग्णांना ते १०% कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक ट्रेसारख्या साधनात घालून लावायला सांगत. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळलेले दिसले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन यांनी रात्री ट्रे घालून दात उजळण्याची पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि ती जगभर पसरली. ज्या औषधाने हिरड्या बऱ्या होत, त्याच औषधाने तिच्या हिरड्या सोलल्या. तीव्रता बदलली हे एक कारण झालं. बाकीची कारणं तिच्या ट्रेत होती.

चावून बसवायच्या ट्रेची कड हिरडीवर काही मिलिमीटर चढते. तोंडात मोकळ्या जागी सांडलेलं जेल लाळेत विरघळतं आणि लाळेतली विकरं पेरॉक्साइडला लवकर निकामी करतात. ट्रेच्या कडेखाली मात्र लाळ पोचतच नाही. तिथे जेल हिरडीला चिकटून, जसंच्या तसं, दाबाखाली राहतं. त्यात झोपेत लाळ कमी होते. सुळ्यांच्या उंचवट्यावर ट्रे घट्ट बसतो, म्हणून तिथे दाब जास्त आणि पांढरेपणाही जास्त. आणि जेल लवकर संपतही नाही. ट्रेमधल्या १०% जेलमध्ये दोन तासांनंतरही निम्म्याहून जास्त पेरॉक्साइड शिल्लक असतं, दहा तासांनी साधारण दहावा हिस्सा उरतो. ३५% जेल सात तास म्हणजे काय झालं असेल याचा अंदाज यावरून यावा.

माझं मत स्पष्ट आहे. तिने हेच तीव्र जेल थेंबाथेंबाने, कड कापलेल्या ट्रेत, अर्धा तास वापरलं असतं तर थोडी चुरचुर होऊन विषय संपला असता. आणि उलट, १०% जेलसुद्धा बेढब ट्रेत काठोकाठ भरलं तर हिरडी दुखवतंच, फक्त सोलत नाही इतकंच. निळ्या दिव्याचा या सगळ्यात काही हात नव्हता. त्याने भाजलंही नाही आणि दात विशेष उजळलेही नाहीत. संचातला तो सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत निरुपयोगी भाग.

काय केलं

फारसं काही नाही, आणि हे तिला पटवण्यातच बराच वेळ गेला. तिला अँटिबायोटिक हवं होतं. जंतुसंसर्ग नव्हता, त्यामुळे दिलं नाही. सुटायला आलेले पांढरे पापुद्रे खरवडून काढले नाहीत. ते खालच्या नव्या त्वचेवरचं आपसूक झाकण असतं, वेळ झाली की आपोआप गळतं. जखमांचे फोटो काढले, सुळ्याची वर सरकलेली हिरडी मोजून लिहून ठेवली, कोमट पाण्याने तोंड धुतलं आणि उघड्या जागेवर चिकटून राहणारं, झोंबत नाही असं संरक्षक जेल लावलं. काही दंतवैद्य अशा ठिकाणी ई जीवनसत्त्वाचं तेल लावतात. मीही कधी लावतो. त्याने आराम पडतो, पण भरून येण्याचा वेग त्याने फार बदलतो असं माझ्या अनुभवात नाही.

घरी करायचं ते असं सांगितलं: पेरॉक्साइड पूर्ण बंद. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा हलक्या गुळण्या, जोरात खळखळायचं नाही. मऊ ब्रशने दात घासायचे, जखमेची हिरडी चुकवून. तिखट, आंबट, गरम आणि कुरकुरीत काही दिवस नको. दुखलं तर पॅरासिटामॉल. अल्कोहोलचं माउथवॉश आणि लवंगेचं तेल बंद. शिवशिवणाऱ्या दातांसाठी ५% पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट, तीही हिरडीला न लावता दातावर बोटाने. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश द्यावं का, असा एक विचार आला होता. ब्रश करताच येत नसेल तर थोडे दिवस ते उपयोगी पडतं. पण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि दात पांढरे करण्याच्या नादात भाजून आलेल्या माणसाला डाग पाडणारं औषध देण्यात काय हशील? ती ब्रश करू शकत होती, म्हणून टाळलं.

हे सगळं तिने पहिल्याच रात्री, झोंबायला लागताच केलं असतं तर? ट्रे काढायचा, जेल न चोळता भरपूर पाण्याने चुळा भरून धुवून टाकायचं, बस. बहुतेकांचं पांढरेपण त्याच दिवशी उतरतं आणि दंतवैद्याकडे यायची वेळच येत नाही. यायला हवं ते पापुद्रा सुटून जखम उघडी पडली तर, सूज किंवा पू दिसला तर, ताप आला तर, थंड-गरमाची कळ रेंगाळत राहिली तर. आणि दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कुठलीही जखम दाखवलीच पाहिजे, मग तिचं कारण आपल्याला ठाऊक आहे असं कितीही वाटत असो.

आठवड्याने ती आली तेव्हा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला होता. ओठावरचा चट्टाही गेला होता. पटाशीच्या मधलं टोक अजून लालसर आणि चकचकीत होतं, म्हणजे नवी त्वचा आली होती पण कोवळी होती. सगळ्यांत हट्टी निघाली ती पडद्याजवळची चीर, कारण बोलताना-हसताना ओठ तिला रोज ताणत होता. आणखी आठवड्याने तीही भरली.

सुळ्याच्या उघड्या मुळाचा प्रश्न मात्र तिच्या मनातून जाईना. "हे जेलनेच झालं ना?" आरसा तिच्या हातात देऊन तिला मुळावर एक गोष्ट दाखवली. हिरडीच्या कडेशी, मुळाच्या पृष्ठभागावर, पाचरीसारखी गुळगुळीत खाच होती. नखाने चाचपलं तर जाणवेल इतकी. अशी खाच तीन रात्रींत पडत नाही. वर्षानुवर्षं आडवा, जोर लावून ब्रश घासला की पडते, आणि उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांत ती बहुधा डाव्या सुळ्यावर असते. मोजमाप पहिल्या दिवशी दोन मिलिमीटर होतं, भरल्यानंतरही दोनच. जेलने भाजलेली हिरडी सहसा पूर्ण भरून येते, कारण वरचा थर जातो, खालचा सांगाडा शाबूत असतो. पण त्या उघड्या मुळावर इनॅमल नाही. जेल तिथून डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, नलिकांतून सरळ नसेकडे जातं, आणि म्हणूनच तिला सगळ्यांत जास्त कळ याच दातात येत होती.

पुन्हा करायचं की नाही

तिला अजूनही दात उजळायचे होते. नाही म्हणून पाठवलं असतं तर ती दुसरा संच मागवेल, हे उघड होतं. शिवाय नाही म्हणायला वैद्यकीय कारणही नव्हतं.

आधी किटण काढलं आणि दात पॉलिश केले. खरं तर हे पहिल्यांदा व्हायला हवं होतं. "त्यात काय विशेष" म्हणून सांगितलेलं ते रक्त सुजलेल्या हिरडीचं होतं, आणि सुजलेली हिरडी तीव्र पेरॉक्साइडने निरोगी हिरडीपेक्षा लवकर दुखावते. सफाईनंतर तिला खटकणारा पिवळेपणा बराचसा वरवरचा होता असं दिसलं. उरलेला रंग दाताचा स्वतःचा. शेड गाइडवर, म्हणजे दातांचा रंग जुळवून बघायच्या नमुना-पट्टीवर, ए३ (आकडा जितका लहान, तितका दात उजळ).

हिरड्या पूर्ण शांत झाल्यावर मापं घेऊन ट्रे बनवला, मऊ, सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पत्र्याचा. कड कशी कापावी यावर दंतवैद्यांत दोन तट आहेत. काही जण हिरडीच्या वळणावळणाने, तिच्या अलीकडे थांबून कापतात, म्हणजे जेल हिरडीवर जात नाही. काही जण कड हिरडीवर दोनेक मिलिमीटर सरळ ठेवतात. त्यांचं म्हणणं, सरळ कड ओठाला टोचत नाही आणि लाळ आत कमी शिरते. १०% जेलला दोन्ही चालतं. एकदा भाजलेल्या तोंडात मी वळणदार कडच निवडतो, आणि पडद्यापाशी खोल खाच ठेवतो.

जेल १०% कार्बामाइड, त्यात पोटॅशियम नायट्रेट. दर दाताला ट्रेच्या पुढच्या भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, त्याहून जास्त नाही. ट्रे बसवल्यावर कडेने जे बाहेर येईल ते कोरड्या ब्रशने लगेच पुसायचं. हे एक वाक्य मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण सगळा फरक याच वेळी पडतो. मुळाच्या उघड्या भागावर जेल नको, म्हणून डाव्या सुळ्याच्या घरात थेंब खालच्या टोकाकडे. सुरुवातीला एक रात्र आड. झोंबलं तर काढायचं, वाट बघायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोनदा दात शिवशिवले, तिने एकेक रात्र सोडली आणि ते थांबलं. हिरडी एकदाही पांढरी पडली नाही. तीन आठवड्यांनी शेड ए१ आणि ए२ यांच्या मधे आली. तिला त्याहून पुढे जायचं होतं. मी थांबवलं. ट्रे काढल्या काढल्या दात कोरडे असतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. खरा रंग ठरायला दोन आठवडे जातात, त्याआधी आरशात बघून अजून थोडं, अजून थोडं करत राहिलं की थांबायची जागा सापडत नाही.

जुनं फिलिंग अर्थातच उजळलं नाही. फिलिंग, कॅप, व्हीनियर (दातावर चिकटवलेलं पातळ कवच) यांवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही, त्यामुळे शेजारचे दात उजळल्यावर ते आधीपेक्षा जास्त पिवळं दिसू लागलं. हे आधी सांगितलं होतं, तरी ती थोडी हिरमुसलीच. फिलिंग लगेच बदलायची तिची घाई होती. पण उजळल्यानंतर दातात ऑक्सिजन रेंगाळतो आणि नवं फिलिंग नीट चिकटू देत नाही, म्हणून जेल बंद केल्यावर दोन आठवडे जाऊ दिले. मग नव्या रंगाला जुळणारं फिलिंग बसवलं, सुळ्याच्या मुळावरची खाच त्याच बैठकीत भरली, आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. ३५% च्या उरलेल्या दोन सिरिंजा ती परत घेऊन जायला निघाली होती, "कधी लागल्या तर" म्हणून. त्या ठेवून घेतल्या.